व्हिटॅमिन ई-सीच्या गोळ्या, फवारणी आणि तो ‘नॉर्मल’ रिपोर्ट

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचा भाऊ कपाशीवर फवारणीआधी व्हिटॅमिन ई ४०० आणि सी ५०० च्या गोळ्या घेतो, तरी डोकं जड होतं, डोळ्यांपुढे धूसर येतं, तोंडाला पाणी सुटतं. आणि रक्ताचा रिपोर्ट मात्र नॉर्मल. हे वाचून राहवलं नाही. मी डॉक्टर नाही, भावाला दाखवून घ्याच.

गोळ्यांमागचं शास्त्र खोटं नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली फवारणीची औषधं (कीटकनाशकं) यकृत-मूत्रपिंडात ऑक्सिडेशनचा, म्हणजे पेशींना इजा करणारा, मारा करतात आणि उंदरांवरच्या प्रयोगांत या जीवनसत्त्वांनी तो कमी झालेला दिसतो. पण तिथे बहुतेकदा गोळी विषाच्या आधी किंवा सोबत, मोजून दिलेली असते. आणि खरा जीवघेणा घाव कोलिनेस्टरेज या, नसांचे संदेश आवरणाऱ्या एन्झाइमवर बसतो. औषध त्याला चिकटलं की कुठलंही व्हिटॅमिन ते सोडवत नाही. अशा विषबाधेला अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम हे उतारे लागतात, तेही दवाखान्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ई परस्पर घेऊच नका. सी हवं तर पेरू, आवळा पुरे.

आता तो रक्तातल्या कोलिनेस्टरेजचा रिपोर्ट. आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. प्रयोगशाळेने ‘मर्यादेत’ एवढंच लिहून दिलं, आधीच्या आकड्याशी ताडून बघायला नकार दिला आणि फवारणी चालूच राहिली. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) कोलिनेस्टरेजची सर्वसाधारण मर्यादा ढोबळमानाने लिटरमागे ५,००० ते १२,००० युनिट असते (प्रयोगशाळेगणिक बदलते). ज्याचा मूळ आकडा ११,००० आहे त्याचा ५,८०० आला, तर कागदावर नॉर्मल, प्रत्यक्षात जवळपास निम्मं एन्झाइम गेलेलं! म्हणून हंगामाआधी, किमान महिनाभर फवारणी बंद असताना, मूळ आकडा काढून ठेवायचा. शक्यतो तीन दिवसांच्या अंतराने दोनदा, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने. पुढे २० टक्के घट दिसली की कामाची पद्धत तपासा. रक्ताच्या लाल पेशींतल्या कोलिनेस्टरेजचा आकडा ३० किंवा प्लाझ्मातला ४० टक्के घसरला की पंप खाली ठेवायचा. तुमच्याकडे मूळ आकडा नाही, म्हणून आता फवारणी थांबवून काही आठवड्यांनी परत तपासा. आकडा वर चढला, तर आधीचा ‘नॉर्मल’ नॉर्मल नव्हता. यकृताचा आजार असेल तर प्लाझ्माचा आकडा तसाही खाली येतो, ते डॉक्टरांना सांगा.

२०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते आठवा. छातीपर्यंत वाढलेली कपाशी, बारीक तुषारांचा पंप, दोन-तीन औषधं एकत्र. औषध मुख्यतः कातडीतून जातं. पंपाचं झाकण गळतंय का, ते सदऱ्याच्या पाठीवरून कळतं: कमरेच्या वर ओला डाग दिसला की काम तिथेच थांबवा, सदरा काढा, साबणाने अंग धुवा. तोंडाला बांधलेला रुमाल भिजला की तो उलट औषध धरून ठेवतो. पिकाच्या उंचीचा विचार करून वाऱ्याकडे पाठ ठेवा, नोझल अंगापासून लांब धरा, आणि तंबाखूची पुडी खिशात नकोच.

घाम, लाळ, उलटी, छातीत घरघर, स्नायू फडफडणं यातलं काही दिसलं तर लिंबूपाणी पाजत बसू नका, उलटी करवू नका. १०८ ला फोन लावा आणि डबा किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. कुठली औषधं मिसळली हे डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगतं. बरं वाटल्यावरही लगेच घरी आणायची घाई करू नका. एक ते चार दिवसांत मान उचलता न येणं, श्वासाचे स्नायू ढिले पडणं असं होऊ शकतं.