सांगलीच्या मार्केट यार्डातल्या दुकानात हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी, सात-आठ जणांना वापरायला, दोन सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या दोन जागांचा) सर्व्हर घेतलाय. त्यात इंटेलचा झिऑन ई5-2600 व्ही3 मालिकेतला एकच प्रोसेसर आहे. तसा चालेल का? आठपैकी चारच रॅम दिसतात. दुसरा प्रोसेसर घ्यावा का?

चालतो, बिनधास्त वापरा. आणि रॅम खराब असल्याचा संशय सोडा.

पूर्वी मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग) चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. 2009 च्या झिऑन 5500 या प्रोसेसरपासून इंटेलने तो दोन सॉकेटच्या सर्व्हरांत थेट प्रोसेसरमध्ये नेला. म्हणून प्रत्येक सॉकेटला त्याचे स्वतःचे रॅम स्लॉट असतात. सॉकेट रिकामं, की त्याच्या बाजूचे स्लॉटही मुके. विकणाऱ्याने आठ रॅम दोन्हीकडे चार-चार लावलेत, एवढंच झालंय. तुम्ही लिहिलेल्या ई5-2600 व्ही3 ला चार चॅनल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा) आहेत. रॅम चालू प्रोसेसरच्या बाजूला आणा. आधी प्रत्येक चॅनलला एक रॅम, मग दुसरी फेरी. क्रमाचा नकाशा बहुतेक वेळा सर्व्हरच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो.

कार्डांचंही तेच. या मालिकेतल्या प्रत्येक प्रोसेसरच्या 40 पीसीआयई लेन (कार्डांना जोडणाऱ्या वाटा) असतात, त्यामुळे दुसऱ्या सॉकेटच्या स्लॉटमधलं नेटवर्क कार्ड किंवा रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणारं) कार्ड दिसणारच नाही. साटा (डिस्कची जोडणी), यूएसबी मात्र चिपसेटवर आणि चिपसेट पहिल्या सॉकेटवर, म्हणून ते चालतं. प्रोसेसर पहिल्याच सॉकेटमध्ये हवा, हे ओघानं आलंच.

तुमचं दुकान सांगलीच्या मार्केट यार्डात, म्हणून एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. या सॉकेटच्या पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक. हळदीची धूळ तिथे बसली किंवा बोट लागून पिन वाकली, तर ते सॉकेट गेलं. रिकाम्या सॉकेटवर काळं प्लॅस्टिकचं झाकण नसेल तर विकणाऱ्याकडून मागून घ्या. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता खेचणाऱ्या धातूच्या भागाच्या) रिकाम्या जागी कंपनीचा ठोकळा असेल तर तोही काढू नका. तो काढला की हवा मोकळ्या वाटेने निघून जाते आणि चालू प्रोसेसर तापतो. मे महिन्यात ते परवडणार नाही.

दुसरा प्रोसेसर? हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि सात-आठ जण, एवढ्यासाठी मी घेणार नाही. एकच असला की सगळी मेमरी त्याच्या जवळची. दोन झाले की पलीकडची मेमरी दुसऱ्यामार्फत मागावी लागते. शिवाय यूपीएसवर भार वाढतो तो वेगळाच. तो पैसा एसएसडी आणि बॅकअपवर घाला. पुढे घेतलाच तर अगदी त्याच मॉडेलचा घ्या, सोबत त्याचा हीटसिंक. ई5-1600 मालिकेतला प्रोसेसर स्वस्त मिळतो म्हणून कोणी गळ्यात मारेल, पण तो जोडीने चालतच नाही.