ओळख करून घेताना ‘आवडता चित्रकार कोण?’ हे विचारू नका

कोजागरी, वाचनकट्टा, सोसायटीचं स्नेहसंमेलन अशा ठिकाणी चित्रकारांवरून ओळखीचे प्रश्न विचारायची टूम सध्या जोरात आहे. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरं.

आमच्या सोसायटीत यंदा बरीच नवी बिऱ्हाडं आली आहेत. कोजागरीला गच्चीवर चाळीसेक जण जमतील. गेल्या वर्षी हा खेळ घेतला, तर ‘तुमचा आवडता चित्रकार कोण?’ या पहिल्याच प्रश्नाला सगळे गप्प. चार जण रविवर्मा म्हणाले, बाकीचे दुधाची वाट बघत बसले. प्रश्न कसे काढावेत?
– कोलशेत रोड, ठाणे

तो प्रश्न परीक्षेचा झाला. ज्याला चित्रकार ठाऊक नाही त्याला गप्प बसण्यावाचून इलाज नसतो, आणि ज्याला ठाऊक असतात तो पाच मिनिटं भाषण देतो. चित्रकाराची माहिती तुम्हीच द्यायची, दोन वाक्यांत. समोरच्याला विचारायचं ते त्याच्या घरातल्या, रस्त्यावरच्या, हाताला लागणाऱ्या वस्तूबद्दल.

एक प्रश्न जवळून पाहू. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं 1888 साली आर्ल गावातल्या आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढलं. पुढं त्याच खोलीची आणखी दोन चित्रं केली. खोलीत पिवळा पलंग, दोन खुर्च्या, टेबलावर पाण्याचा जग, दाराशी टांगलेला टॉवेल आणि पलंगामागं खुंट्यांना अडकवलेले कपडे. बस, एवढंच. चित्र हातात द्या आणि विचारा: ‘तुमच्या खोलीच्या दारामागच्या हुकाला आत्ता काय लटकतंय?’ हेल्मेट, रेनकोट, जुनी ओढणी, नातवाचं दप्तर, गेल्या गणपतीतली तोरणाची पिशवी. माणूस कसा राहतो ते या उत्तरात आपोआप येतं आणि कुणाला हुशारी दाखवावी लागत नाही. ‘तुमची खोली कशी आहे?’ असं मोघम विचारलंत तर ‘छान आहे’ यापलीकडं उत्तर येणार नाही. प्रश्नात एक नेमकी वस्तू हवीच.

आता हिशेब. चाळीस जणांचं एकच रिंगण केलंत आणि प्रत्येकाला दीड मिनिट दिलंत, तर एका प्रश्नाला एक तास जातो. त्याऐवजी पाच-पाचचे आठ गट करा. एक फेरी साडेसात मिनिटांत होते. प्रत्येक फेरीनंतर गटातल्या दोघांनी पुढच्या गटात जायचं, म्हणजे तेच ते चेहरे राहत नाहीत. तीन फेऱ्या आणि जागाबदल धरून अर्धा तास. नवऱ्याबायकोला एका गटात बसवू नका, एक बोलतो आणि दुसरा दुरुस्त्या करतो. माईकही नको. माईक हाती आला की ओळखीचं निवेदन होतं.

आठ गट आणि तीन प्रश्न म्हणजे चोवीस कार्डं. ए-फोर जाड कागदावर चार बसतात, म्हणजे सहा कागद पुरे. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला प्रश्न, अक्षर सोळा-अठरा पॉइंटचं. साधी झेरॉक्स काढू नका. व्हॅन गॉगची तारांकित रात्र किंवा रेम्ब्रांची कुठलीही चित्रं झेरॉक्समध्ये काळा ठिपका होऊन येतात, आणि गच्चीवरच्या उजेडात तर काहीच दिसत नाही. रंगीत लेझर प्रिंट आणि उजळ चित्रं घ्या. चकचकीत लॅमिनेशन केलंत तर ट्यूबलाइट चित्रात दिसते, म्हणून ते टाळा.

आणि खेळ दूध उकळायला ठेवायच्या आधी संपवा. जायफळाचा वास सुटला की कुणाचं लक्ष राहत नाही.

आमच्या ज्येष्ठांच्या वाचनकट्ट्यावर व्हॉट्सॲपवरून आलेली प्रश्नांची यादी वापरली. त्यात ‘फ्रिडासारखं तुमच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख कोणतं?’ असा प्रश्न होता. एक काकू उठून गेल्या. आता कट्ट्यावर असे खेळच नकोत असं काहींचं म्हणणं आहे.
– वाशी

खेळ ठेवा, तो प्रश्न काढा. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो बसमध्ये असताना 1925 साली बस आणि ट्रामची धडक झाली, पुढं कितीतरी महिने तिला अंथरुणात काढावे लागले. पलंगावरच्या आरशात बघून तिनं स्वतःची चित्रं काढली. यातली जखम उचलायची नाही, आरसा उचलायचा. ‘सक्तीनं घरात पडून राहावं लागलं तेव्हा वेळ कशात गेला?’ याला विणकामापासून शेजाऱ्यांच्या खिडक्या मोजण्यापर्यंत काहीही उत्तर येतं, आणि ज्याला खोलात जायचं नाही तो वरवरचं बोलून मोकळा होतो. याहून हलका हवा असेल तर तिच्या चित्रांतली माकडं आणि पोपट घ्या: ‘तुमच्या फोटोत शेजारी कोण हवं? मांजर, कुंडी की प्रेशर कुकर?’

व्हॅन गॉगनं स्वतःचा कान कापला होता, त्यावरचे प्रश्नही अशा याद्यांत असतात. तेही काढा. उरलेल्या प्रश्नांसाठी नियम एकच: ‘पुढं’ म्हटलं की कार्ड पुढच्याकडे जातं, कारण कुणी विचारायचं नाही. हा नियम सुरुवातीला सांगून भागत नाही. चालवणाऱ्यानं पहिल्या फेरीत स्वतः एकदा ‘पुढं’ म्हणावं, तरच लोक तो वापरतात.

मला बोलता येत नाही. आमच्याकडे दर महिन्याला असा प्रश्न असतो आणि माझी पाळी आली की डोकं रिकामं होतं. पुढच्या वेळी मोनेवरचा प्रश्न आहे: ‘तुम्ही कोणती जागा पुन्हा पुन्हा रंगवाल?’ काय सांगू?
– नौपाडा, ठाणे

‘हिमालय’ सांगू नका. अवघड प्रश्न आला की लोक लांबचं आणि भव्य शोधतात, तिथंच उत्तर फसतं. मोनेनं 1877 साली पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनची डझनभर चित्रं काढली, इंजिनाचा धूर आणि काचेच्या छपरातून येणारा उजेड. पुढं 1890-91 मध्ये गवताच्या गंजींची सुमारे पंचवीस. जागा तीच, उजेड निराळा.

तेव्हा उत्तरात तीन गोष्टी हव्यात: जागा, वेळ आणि बदलणारी एक बाब. उदाहरणार्थ: ‘ठाणे स्टेशनचा नऊ-दहा नंबर. सकाळी वाशीच्या गाडीला लोक एकमेकांकडे बघत नाहीत, रात्री त्याच बाकावर अनोळखी माणूस बिस्किट पुढं करतो.’ एवढं सांगायला पंधरा-वीस सेकंद लागतात. तलावपाळी घेतलीत तर पहाटेचे चालणारे आणि संध्याकाळचे भेळवाले, दोघांतलं एकच निवडा. कार्ड आधी मिळत असेल तर ही तीन टिपणं मागं पेन्सिलीनं लिहा. पूर्ण वाक्यं लिहिलीत तर वाचून दाखवाल, आणि वाचलेलं कुणी ऐकत नाही.

आठवी-नववीच्या मुलांसाठी काय? प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ एवढंच उत्तर मिळतं.
– नेरूळ

त्यांना बोलायला लावू नका, हाताला काम द्या. होकुसाईनं आयुष्यात तीसहून जास्त वेळा नाव बदललं. मुलांना एक मिनिटात स्वतःचं नवं नाव लिहायला सांगा, कारण विचारूच नका. शेजारचा विचारतोच.

दुसरं, वारली. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली ही कला जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेली. तपकिरी कागदाचा पंधरा सेंटिमीटरचा चौकोन, पांढरा पोस्टर कलर, टोकदार केलेली बांबूची काडी. रंग दह्याइतका दाट हवा. पाणी जास्त झालं की रेघ पसरते आणि त्रिकोण फुटतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस होतो. ‘शाळा सुटल्यावरचा तुझा अर्धा तास काढ’ एवढीच सूचना द्या. लग्नचौक मात्र खेळात घेऊ नका, तो लग्नविधीचा भाग आहे.

‘आशेचा किरण’ हे दिवा घेतलेल्या बाईचं चित्र रविवर्म्याचंच ना? त्यावर प्रश्न करायचा आहे. आणि ही चित्रं स्मरणिकेत छापली तर चालतील का?
– घोडबंदर रोड, ठाणे

नाही, ते सा. ल. हळदणकरांचं जलरंगातलं चित्र. दिवा घेऊन त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते रविवर्म्याच्या नावावर सर्रास खपतं, आणि तुमचा प्रश्न यातच दडलाय. फक्त ‘तुमच्या कामाचं श्रेय कोणी लाटलं?’ असं विचारू नका. समोर सेक्रेटरी बसलेले असतील तर सभाच सुरू होईल. उलटं विचारा: ‘तुम्हाला मिळालेलं कुठलं कौतुक खरं तर दुसऱ्याचं होतं?’ बहुतेक वेळा उत्तर मोदकांपाशी आणि सासूबाईंपाशी येऊन थांबतं.

छापण्याबद्दल: आपल्या कायद्यात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. व्हॅन गॉग (1890), रविवर्मा (1906), मोने (1926), अमृता शेरगिल (1941), फ्रिडा (1954) यांची चित्रं छापायला अडचण नाही. पिकासो (1973), दाली (1989), हुसेन (2011), रझा (2016) यांची परवानगीशिवाय छापू नका. हळदणकर 1968 साली गेले, म्हणजे 2028 संपेपर्यंत तेही नाहीत. स्मरणिकेत प्रश्न तेवढा छापा, चित्राच्या जागी तुमच्याच सोसायटीतल्या कुणाच्या तरी हातातल्या समईचा फोटो चालेल.