आराखडा त्याच प्रश्नाचा हवा

सोलापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

‘दुष्काळ निसर्ग आणतो की माणूस?’ या विषयावरच्या निबंधाचा तुझा आराखडा वाचला. प्रस्तावना, कारणे, परिणाम, उपाय, समारोप. आता यातला ‘दुष्काळ’ खोडून ‘बेकारी’ लिहून बघ. काही बदलावं लागलं का? मग हा आराखडा या प्रश्नाचा नाहीच.

आधी एका वाक्यात उत्तर दे. कच्चं चालेल. ‘पाऊस कमी पडतो तो निसर्गामुळे, त्याचा दुष्काळ होतो तो पाणीवाटपामुळे,’ असं काहीतरी. पुरावा तर आपल्या उशालाच आहे. उजनी धरणाची साठवण सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं निम्म्याहून जास्त, जवळपास 64 टीएमसी, मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न धरलेल्या तळच्या पाण्यात. जिल्हाभर ऊस उभा, आणि सोलापूरकर मात्र नळाला पाणी कधी येणार याचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवत आलेत. 1972 साली पाऊसच दगा देऊन गेला, हेही एका परिच्छेदात सरळ मान्य करून टाक.

इथवर आल्यावर बहुतेक मुलं उसाला झोडपून मोकळी होतात. तू थांब. तुझ्या वाक्याला सगळ्यात अडचणीचा सवाल कोण करेल? माढ्याचा ऊस लावणारा शेतकरी. तो म्हणेल, ‘उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, कायद्यानं ठरलीय. ज्वारीला हमीभाव जाहीर होतोय, पण त्या भावानं घेतंय कोण?’ त्याला उत्तर द्यायचं तर प्रश्नातला ‘माणूस’ नेमका कोण, हे तुला ठरवावंच लागेल. शेतकरी, कारखाना, की दर ठरवणारं सरकार? निबंधाचा कणा इथे आहे. मधले सलग दोन-तीन परिच्छेद यालाच दे. यात तुझं पहिलं वाक्य बदललं तर बदलू दे. कच्च्या कागदावर ते खोडता येतं, आठव्या पानावर नाही.

यूपीएससीत तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी 125 गुणांचे, हजार ते बाराशे शब्दांचे. म्हणजे एकाला दीड तास. त्यातली वीस मिनिटं आराखड्यात गेली तरी घाबरू नकोस, शेजारचा भराभर पानं उलटत असला तरी.

आणि सुभाषितानं सुरुवात करायची खोड सोड बाई! तपासणाऱ्यानं तेच सुभाषित सकाळपासून कितीदा वाचलेलं असतं.

रविवारी ये. अख्खा निबंध नको, तुझं एक वाक्य आणि त्यावर त्या शेतकऱ्याचा सवाल, एवढंच लिहून आण.

तुझे,
सर