डेन्वर, आयोनिक ५ आणि बर्फातले टायर

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून अमेरिकेत डेन्वरला आल्यावरचा पहिलाच हिवाळा, गाडी ह्युंदाईची इलेक्ट्रिक आयोनिक ५, ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना जोर देणारी), २० इंची रिमवाली. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी मुलांना स्कीइंगसाठी डोंगरात कीस्टोनला न्यायचंय. ऑफिसातले म्हणतात, ऑल-व्हील आहे ना, मग बर्फासाठी वेगळे विंटर टायर कशाला? माझं उत्तर: घ्याच. आणि २० नव्हे, १९ इंची रिमवर घ्या.

ऑफिसातल्यांचं हे वाक्य पहिल्या वर्षी मीही पाठ केलं होतं. कीस्टोनच्या वाटेवरच्या आयझेनहावर बोगद्यातून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्न गावाकडे उतरत होतो. चढताना गाडीने जराही कुरकुर केली नव्हती. वाटेत एक पिकअप जागच्या जागी चाकं फिरवत होता, तो बघून मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली होती. २०५ नंबरच्या एक्झिटला खाली सिग्नल आहे. तो लाल झाला, मी ब्रेक दाबला, एबीएस गुरगुरलं आणि दोन टनांचं धूड आरामात पुढे सरकत राहिलं. थांबलं ते अर्ध्या चौकात. नशिबाने आडवं कुणी येत नव्हतं.

ऑल-व्हीलचा उपयोग निघताना आणि चढताना. ब्रेक तर मारुती ८०० लाही चारही चाकांना होते! थांबायचं आणि वळायचं काम रबर रस्त्याला किती धरतं यावर चालतं आणि तिथे इलेक्ट्रिक गाडीचं वजन आपल्या विरोधात जातं. त्यात आणखी एक गोची आहे. पेट्रोलच्या गाडीचं चाक जरा फिरलं की कळतं, रस्ता निसरडा आहे. इलेक्ट्रिक मोटर घसरण इतक्या झटपट सावरते की तुम्हाला पत्ताच लागत नाही, आणि तो लागतो थेट ब्रेक दाबल्यावर.

आता टायरकडे. तुमच्या टायरवर कडेला 'एम+एस' लिहिलेलं असेल. चिखल आणि बर्फ असा त्याचा अर्थ, पण ते निव्वळ नक्षीच्या ठेवणीवरून मिळतं, त्यासाठी बर्फात चाचणी लागत नाही. बघायची ती दुसरी खूण: तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. ती मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर ठरावीक प्रमाण-टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. मात्र ही परीक्षा जोर लावून पुढे जाण्याची आहे, काचेसारख्या बर्फावर थांबण्याची नाही. म्हणूनच हिमकणाची खूण असलेले सगळे टायर सारखे नसतात.

साध्या ऑल-सीझन टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. नोकियन हाक्कापेलिट्टा, मिशेलिन एक्स-आइस, ब्रिजस्टोन ब्लिझॅक, यांतला तुमच्या मापात मिळेल तो घ्या. यांच्यातल्या फरकावरून इथे जेवढे वाद होतात तेवढा फरक शनिवारच्या स्कीइंगला पडत नाही. तुम्ही डेन्वरातच राहणार असता, तर मी मिशेलिन क्रॉसक्लायमेट २ सारखा ऑल-वेदर सुचवला असता. त्यालाही हिमकणाची खूण आहे, बारा महिने चालतो आणि इथलं ऊन असं की शहरातले मोठे रस्ते बर्फ पडल्यावर दोन दिवसांत कोरडे होतात. पण तुम्ही महिन्यातून दोनदा ३४०० मीटरवर जाणार, तेही मुलांना घेऊन.

१९ इंची का? ते माप तुमच्या गाडीला कंपनीचंच आहे, २३५/५५ आर१९. टायरची भिंत उंच, त्यामुळे खड्ड्यात रिम वाचतं, आणि आपल्या गाडीत स्टेपनी नाही हे विसरू नका. शिवाय रुंदी कमी असल्याने टायर बर्फात जरा जास्त रुततो, इथे तेच हवंय. घेताना मापानंतरचा आकडा जरूर वाचा, टायर किती वजन पेलतो ते त्यावरून कळतं. याच मापात १०१ चाही टायर मिळतो आणि १०५ चाही. १०१ म्हणजे एका टायरवर ८२५ किलो, १०५ म्हणजे ९२५. आपल्या गाडीला १०५ च. दुकानदार स्वस्तातला १०१ दाखवेल, नको म्हणा. आणि चारही बदला, दोन नाही.

कायद्याचंही सांगतो. १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात आय-७० वर, म्हणजे डेन्वरहून डोंगरात जाणाऱ्या हायवेवर, मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात ऑल-व्हील गाडीलाही नक्षीची खोली ३/१६ इंच, म्हणजे ४.८ मिलिमीटर लागते. नवीन टायर साधारण ८ चा असतो आणि १.६ ला बाद होतो. म्हणजे टायरचं अर्धं आयुष्य संपलं की डोंगरासाठी तो बाद. जड इलेक्ट्रिक गाडीत हे अर्धं फार लवकर येतं. दंड शंभर डॉलरच्या वर, रस्ता अडवलात तर साडेसहाशेच्या वर.

टायर बदललेत तरी एक सवय मोडा. आपल्या घाटातला नियम, ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. इथे गिअर नाही, रीजेन आहे (पाय उचलला की मोटरच गाडीला रोखते आणि ती ऊर्जा बॅटरीत भरते), म्हणून मंडळी आय-पेडल, म्हणजे सगळ्यात जोरदार रीजेन, लावून उतरतात. बर्फावर पाय एकदम उचलला की जोरात ब्रेक दाबल्यासारखंच होतं. स्टीअरिंगमागच्या उजव्या पॅडलने रीजेन १ वर आणा, स्नो मोड लावा, पाय हळू उचला. दिवसभर थंडीत उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी रीजेन कमी घेते, त्यामुळे परतताना गाडी सकाळपेक्षा वेगळी वागली तर दचकू नका.

रेंजची धास्ती टायरमुळे घेऊ नका. डेन्वरहून बोगद्यापर्यंत नुसतं वजन वर न्यायलाच ११-१२ युनिट जातात, वर हीटर. टायरचा वाटा त्यापुढे किरकोळ. हवा मात्र तपासा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की सुमारे १ पीएसआय कमी होतो. उबदार गॅरेजातून उणे १० मध्ये गेलात तर पाच गेले. (वर बाहेरची हवा विरळ, म्हणून हातातला गेज त्यातले दोनेक परत दाखवतो, त्यावर खूश होऊ नका.)

ऑक्टोबरातच बसवून घ्या, पहिल्या बर्फानंतर दुकानात रांग लागते. आणि बर्फ पडला की पहाटे एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन ताशी २० मैलांवर ब्रेक दाबून बघा, गाडी कुठे थांबते ते. मुलांना नेऊ नका, माझी दोघं तासभर 'अजून एकदा' करत बसली होती.