तीन वर्षांच्या लॅब्रॅडॉरला पहिल्यांदाच नऊ दिवस बोर्डिंगमध्ये ठेवायचे आहे. त्याची तयारी कशी करावी?

तुम्ही ऐरोलीत राहता, गणपतीला नऊ दिवस रत्नागिरीजवळच्या गावी जाणार आहात, तुमचा लॅब्रॅडॉर आजवर एक रात्रही घराबाहेर राहिलेला नाही आणि हातात सहा आठवडे आहेत, एवढे प्रश्नावरून समजले. सहा आठवडे पुरतात, मात्र सुरुवात याच आठवड्यात व्हायला हवी. तुम्ही विचारले आहे की सोबत काय काय द्यावे. त्याचे उत्तर पुढे येईलच, पण त्याआधी कुत्र्याला तीन गोष्टी जमाव्या लागतात: तुम्ही दिसत नसताना परक्या माणसाच्या हातून जेवणे, परक्या फरशीवर झोपणे आणि तेथे शी-शू करणे.

हे मी ठेच लागून शिकलो. आमची टिकली ही ठाण्याला वर्तकनगरात भर पावसात सापडलेली गावठी कुत्री. आम्हीही गणपतीला गावी जातो. पहिल्या वर्षी तिला एका बोर्डिंगमध्ये सोडले, सोबत तीन किलो कोरड्या खाण्याचे पाकीट दिले आणि रोज फोनवर 'मस्त आहे, खाते आहे' एवढे ऐकून समाधान मानले. आणायला गेलो तेव्हा पाकीट रिकामे होते आणि टिकलीच्या बरगड्या मोजता येत होत्या. साडेसतरा किलोची कुत्री पंधरा किलो आठशेवर आली होती, भुंकून भुंकून तिचा आवाज बसला होता आणि कानाच्या घडीत गोचिडी होत्या. पाकीट कोणी संपवले, हे आजतागायत कळलेले नाही. त्यांचा दोष होताच, पण नऊ दिवस ठेवण्यापूर्वी मी तिला तेथे नऊ मिनिटेही नेले नव्हते, हा दोष सर्वस्वी माझा.

आधी डॉक्टरांकडची कामे, कारण त्यांना मुदत असते. रेबीजची आणि वर्षातून एकदाची एकत्रित लस चालू मुदतीत आहे ना, हे पुस्तिकेत पाहा. एकत्रित लसीत लेप्टोस्पायरोसिसचा घटक आहे का, हेही चिकटवलेल्या लेबलवरून तपासा, कारण काही लसींत तो नसतो आणि तुम्ही ऐन पावसाळ्यात, उंदरांच्या मुताने दूषित झालेले पाणी साचण्याच्या दिवसांत कुत्रा ठेवत आहात. केनेल कफची, म्हणजे एकत्र ठेवलेल्या कुत्र्यांत पसरणाऱ्या खोकल्याची, लस वेगळी घ्यावी लागते. बोर्डेटेला या जिवाणूवरची लस नेहमीच्या एकत्रित इंजेक्शनात नसते. नाकात थेंब टाकून द्यायची लस साधारण तीन दिवसांत काम करू लागते, तर इंजेक्शनवाली पहिल्यांदाच देत असल्यास दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. नाकातली लस दिल्यावर काही कुत्री चार-दोन दिवस शिंकतात आणि शिंकणारा कुत्रा बोर्डिंगवाले दारातूनच परत पाठवतात, म्हणून ती निदान दोन आठवडे आधी उरकावी. पुस्तिका न पाहता कुत्रा आत घेणारे बोर्डिंग असेल, तर तेथे ठेवूच नये. तुमच्या कुत्र्याच्या शेजारी कोणता कुत्रा असेल, हेही तेथे कोणी पाहिलेले नसते.

गोचिडींचे मी मुद्दाम वेगळे सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात गोचीड म्हणजे केवळ खाज नव्हे. तिच्यातून एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार होतात. प्रतिबंधक गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब, यांपैकी काय द्यायचे ते डॉक्टरांना ठरवू द्या. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर ते त्यांना आधी सांगा, कारण गोळ्यांच्या एका गटात त्याची खबरदारी घ्यावी लागते. थेंब टाकणार असाल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ टाळा. काही ठिकाणी कुत्रा आला की पहिल्यांदा आंघोळ घालतात, म्हणजे आदल्या दिवशी टाकलेले औषध थेट मोरीत जाते.

जागा पाहायला दुपारी तीनच्या सुमारास, फार गाजावाजा न करता जा. वास आणि पाण्याची भांडी यांवरून बरेच कळते. रात्री तेथे माणूस झोपतो का, एकावेळी किती कुत्री घेतात, अनोळखी कुत्री एकत्र मोकळी सोडतात का, हे विचारा. मिरवणुकीचा रस्ता जवळ असेल तर दीड दिवसाच्या आणि गौरी-गणपतीच्या विसर्जनाला ढोल-ताशा आणि फटाके दारात येतात, तेव्हा कुत्री कोठे ठेवतात हेही विचारा. जागा येऊरकडे किंवा घोडबंदर रोडच्या डोंगराच्या अंगाला असेल, तर संध्याकाळनंतर सगळी कुत्री छप्पर आणि मजबूत जाळी असलेल्या खोल्यांत बंद होतात ना, हे डोळ्यांनी पाहा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तेथून लागूनच आहे आणि बिबट्याला कुत्रा हे नेहमीचे भक्ष्य आहे. कुंपणाची भिंत उंच आहे, हे त्याचे उत्तर होत नाही.

आता सरावाकडे येतो. पहिले दोन आठवडे घरातच घालवा. एक जुनी गोधडी त्याच्यासाठी ठरवा, तीवर झोपायची सवय लावा आणि ती धुऊ नका; तिचा वास हीच पुढे त्याची ओळखीची जागा होणार आहे. मग त्याला गोधडीसह दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावा, आधी दहा मिनिटे, मग अर्धा तास, मग दोन तास, आणि तो शांत असतानाच दार उघडा. याच काळात आठवड्यातून तीन-चार वेळा त्याचे जेवण घराबाहेरच्या कोणाच्या तरी हातून द्या. आमच्याकडे शेजारच्या काकूंनी हे काम आनंदाने केले, फक्त वाटीत चपातीचा तुकडा घालू नका, हे त्यांना तीनदा सांगावे लागले.

शी-शूचा प्रश्न लोकांच्या ध्यानातच येत नाही. टिकली मातीवर वाढलेली. त्या पहिल्या बोर्डिंगात सिमेंटच्या फरशीवर तिने पहिले वीस तास काहीच केले नाही, हे तेथल्या एका पोऱ्याने मला नंतर सांगितले. पुढच्या वर्षी मी महिनाभर रोज पहाटे तिला सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात पट्ट्याने उभी करायचो आणि 'शू कर' म्हणायचो. पहिले आठ दिवस ती माझ्याकडे असे पाहायची, की जणू मीच काहीतरी अशोभनीय सुचवतो आहे. नवव्या दिवशी जमले, लगेच खाऊ दिला, आणि पुढे त्या दोन शब्दांवर ती कोठल्याही जमिनीवर मोकळी होऊ लागली. तुमचा कुत्रा फक्त बागेतल्या गवतावर जात असेल, तर हे आजपासूनच सुरू करा.

त्याबरोबरच त्याला येणारे शब्द कागदावर लिहून द्या. आपण कुत्र्यांशी मराठीत बोलतो, तर सांभाळणारी मुले बहुधा हिंदीत बोलतात. टिकलीला 'बस' कळते, 'बैठ' कळत नाही, आणि आज्ञा न पाळणारी कुत्री हट्टी समजली जाते.

तिसऱ्या आठवड्यात तेथे जाणे सुरू करा. एकदा नुसते फिरवून आणा. दुसऱ्यांदा सकाळी सोडून संध्याकाळी आणा. चार-पाच दिवस जाऊ द्या आणि मग एक पूर्ण रात्र ठेवा, तीही तुम्ही ऐरोलीतच असताना. परत आणताना 'त्रास दिला का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण कोपऱ्यात अंग चोरून पडलेला कुत्रा कोणालाच त्रास देत नाही. किती वाजता जेवला, वाटीत किती उरले, शू कोठे केली, हे विचारा. एका वेळचे जेवण सोडणे क्षम्य आहे, पण लॅब्रॅडॉरसारख्या खादाड जातीच्या कुत्र्याने रात्री आणि सकाळी दोन्ही वेळा तोंड लावले नसेल, तर आणखी एक रात्र ठेवून पाहा. दुसऱ्या रात्रीही तेच झाले, तर त्याच्यासाठी घरी येऊन राहणारा माणूस शोधणे बरे. त्यासाठी हातात दोन आठवडे उरले पाहिजेत, म्हणून ही परीक्षा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

खाणे घरचेच द्या. तेथले खाणे उत्तम असले तरी अन्न बदलायचे तर ते सात दिवसांत थोडेथोडे मिसळून बदलायचे असते. ताण आणि नवे अन्न एकाच दिवशी आले, तर जुलाब होतात आणि मग दोष कशाचा हे कळत नाही. दर वेळचे खाणे मोजून वेगळ्या पिशवीत भरा आणि मार्करने तारीख व 'सकाळ' किंवा 'रात्र' लिहा. नऊ दिवसांच्या अठरा पिशव्या होतात, शिवाय दोन जास्तीच्या द्या, कारण गणपतीत गोवा महामार्गावर परतीचा दिवस हमखास लांबतो. न संपलेली पिशवी तशीच परत द्या, असे सांगा. दुसऱ्या वर्षी टिकलीच्या तीन पिशव्या परत आल्या, तिन्ही पहिल्या दोन दिवसांच्या, म्हणजे तिसऱ्या दिवसापासून ती पोटभर जेवत होती. इतकी खरी बातमी मला फोनवरून कधी मिळाली नव्हती. सोडण्यापूर्वी आणि आणल्यावर वजनही करा; उचलून काट्यावर उभे राहा आणि आपले वजन वजा करा, किंवा तीस किलोचा ऐवज उचलवत नसेल तर दवाखान्यातला काटा आहेच.

गोधडीखेरीज सामान फार नको. खेळणे तुकडे न पडणारे असावे. लॅब्रॅडॉर काय काय गिळतो, ते तुम्हाला सांगायला नको. एका कागदावर चालू औषधे, डॉक्टरांचा दूरध्वनी आणि 'गरज पडल्यास अमुक रुपयांपर्यंतचे उपचार विचारण्यासाठी न थांबता करावेत' अशी सहीनिशी परवानगी द्या. गावी रेंज मिळेलच असे नाही, म्हणून ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या एका माणसाचा नंबर द्या, जो प्रसंगी तेथे पोहोचू शकेल. झोपेची किंवा शांत राहण्याची गोळी स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नका. कुत्रा फारच भित्रा असेल, तर डॉक्टर औषध देतील, पण तेही आधी घरी एकदा देऊन पाहावे लागते.

शक्य असेल तर तुमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी सोडा, म्हणजे त्याच्या पहिल्या रात्री तुम्ही गाडीत नसून घरी असाल. जाण्याआधी लांब फिरवून आणा, गाडी लागत असेल तर पोट हलके ठेवा, आणि तेथे पोहोचल्यावर पट्टा दुसऱ्याच्या हातात देऊन सरळ निघा. गेटवर उभे राहून हाका मारत बसणे आपल्या समाधानासाठी असते. आमच्या घरात ते काम आईकडे असायचे. आता तिला गाडीतच बसवून ठेवतो.

परत आल्यावर तो दोन दिवस नुसता झोपेल, पाणी जास्त पिईल, कदाचित आवाजही बसलेला असेल; त्याची काळजी नको. पहिल्याच संध्याकाळी मात्र कान, बगला आणि बोटांच्या फटी गोचिडींसाठी बोटांनी चाचपून पाहा. खोकला लागलाच तर तो साधारण दोन आठवड्यांच्या आत दिसतो. एर्लिकियाला एक ते तीन आठवडे लागतात, तोवर आपण बोर्डिंग विसरलेलो असतो. म्हणून परतल्यापासून एकविसाव्या दिवसावर कॅलेंडरमध्ये खूण करा. त्याआधी त्याने खाणे सोडले, अंग तापले, नाकातून रक्त आले किंवा हिरड्या फिक्या दिसल्या, तर डॉक्टरांना तो बोर्डिंगमध्ये राहून आल्याचे सर्वांत आधी सांगा आणि त्याच दिवशी प्लेटलेटसह रक्ताची तपासणी करून घ्या.