खानदेशात हक्कांच्या लढ्यात लोकगीतांचा खरंच उपयोग झाला का?

झाला, आणि चांगलाच. शहादा, तळोदा भागातली भिल्लांची चळवळच घ्या. तिथले नेते अंबरसिंग सुरतवंती मुळात भजनं म्हणणारे. भजनाला माणसं जमायची, तिथेच गेलेल्या जमिनी, सालदारकी म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणं, मजुरी हे विषय निघायचे. सभेची दवंडी पिटायची गरजच काय!

1972 मध्ये याच भागात आदिवासी मजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. दारूविरोधात बाया गावोगाव मोर्चे घेऊन निघाल्या, दारूची मडकी फोडली. अशा मोर्चात गाणं फार कामी येतं. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. चाल लग्नातली, ओठांवर बसलेली. शब्द तेवढे नवे. वाचता येत नसलं तरी अडत नाही. शिवाय एकटी बाई जमीनदाराला तोंडावर जे बोलू धजणार नाही, ते शंभर जणी सुरात सहज सुनावतात. पुढे नर्मदा आंदोलनातही धडगाव, अक्कलकुवा पट्ट्यात आदिवासी बोलीतली गाणी मोर्चात आलीच.

पण नुसत्या गाण्यानं जमीन परत मिळते असं कोणी सांगितलं तर सोडून द्या. सातबारा, मजुरीचे दर, संप हे सगळं संघटनेलाच रेटावं लागलं. गाण्यानं माणसं जमवली आणि भीड मोडली.