वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्यानं सामान फोडलं, त्याला जेल होईल का?

समुपदेशनाला येणाऱ्या बायका पोटगीचं विचारतात, मुलांचं विचारतात आणि अगदी उठता उठता म्हणतात, मॅडम त्याने माझी गाडी फोडली, टीव्ही फोडला, याला किती वर्षं आत टाकतील? हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

इचलकरंजीकडची एक ताई, नवऱ्यापासून वेगळी होऊन माहेरी राहते, भाड्याच्या गाळ्यात शिलाईकाम करते. एका दुपारी ती जेवायला घरी गेलेली, गाळ्यात फक्त हाताखालची मुलगी. नवरा आत शिरला, ओव्हरलॉक मशीन उचलून फरशीवर आपटलं आणि तिचीच कटिंगची कात्री घेऊन हँगरला लावलेले लग्नाच्या ऑर्डरचे ब्लाउज एकेक करून पाठीतून उभे कापले. माझ्यासमोर बसून ती मशीनबद्दल रडली नाही, म्हणाली मशीन रिपेअर होईल हो, पण पैठणीचा काठ कापलाय, त्या गिऱ्हाईकाला मी काय तोंड दाखवू?

नवऱ्याचं म्हणणं एकच, मशीन माझ्या पैशाचं, माझं मी फोडलं. हे सगळेच नवरे म्हणतात आणि बायकांनाही ते पटतं म्हणून त्या गप्प बसतात. पण कायदा तसा नाहीये. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये (1 जुलै 2024 च्या आधी हेच जुन्या दंड संहितेत, म्हणजे आयपीसीत, कलम 425 ते 427 होतं) स्पष्ट आहे की वस्तू स्वतःची किंवा दोघांच्या मालकीची असली तरी दुसऱ्याचं नुकसान करायला म्हणून ती तोडली तर गुन्हा होतो. आणि ब्लाउज तर गिऱ्हाइकांचे होते, तिथे त्याच्या पैशाचा प्रश्नच येत नाही.

आता शिक्षा. ती नुकसानीच्या रकमेवर ठरते. वीस हजारांच्या आत असेल तर जास्तीत जास्त सहा महिने, वीस हजार ते एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, लाख किंवा वर असेल तर पाच वर्षांपर्यंत, किंवा नुसता दंड, किंवा दोन्ही. (राहतं घर पेटवलं तर मात्र कलम 326, तिथे दहा वर्षं किंवा जन्मठेपसुद्धा आहे.) मी कोणालाही खोटी आशा दाखवत नाही. पहिलाच गुन्हा असेल तर कोर्ट बहुतेक वेळा दंड करतं, नुकसानभरपाई द्यायला लावतं किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडतं. शिवाय हा गुन्हा जामीनपात्र आहे आणि खाजगी माणसाचं नुकसान असेल तर तडजोडही होते.

रकमेचं म्हणूनच महत्त्व. ही ताई घाबरून पोलीस ठाण्यात "दहा-पंधरा हजाराचं झालं असेल" असं सांगून आली होती. आम्ही दोघींनी बसून यादी केली, मेकॅनिकचं एस्टिमेट, कापडाची बिलं, गिऱ्हाइकांचे ऑर्डरचे मेसेज, आणि आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेला. फोटो तिने आवरायच्या आधीच काढले होते हे फार बरं झालं, नाहीतर बायका आधी झाडू घेतात आणि पुरावा केरात जातो.

पोलीस ठाण्यात तिला एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, देऊन परत पाठवलेलं. लाखाच्या आतलं नुकसान अदखलपात्र आहे, त्यामुळे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत, हे बरोबरच आहे. पण गाळा तिच्या नावावर भाड्याने, तिथे तो नुकसान करायच्या इराद्याने शिरला, म्हणजे कलम 329 खाली गृह-अतिक्रमणही झालं, आणि ते दखलपात्र आहे. एक गुन्हा दखलपात्र असला की सगळी केस दखलपात्र धरतात. वकिलांनी हे लेखी अर्जात मांडलं तेव्हा एफआयआर झाला, पंचनामा झाला.

पण माझ्या मते तिचं खरं काम झालं ते डीव्हीच्या अर्जाने, म्हणजे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने. वेगळं राहत असलात तरी हा कायदा लागू होतो, आधी एका घरात राहिलेलं पुरतं. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज केला तर कलम 20 खाली मोडतोडीची भरपाई मागता येते आणि कलम 18 खाली त्याने घरी, कामाच्या जागी फिरकू नये असा आदेश मिळतो, गरज पडली तर त्याचं ऐकायच्या आधीच तात्पुरता आदेशही देतात. आणि तो आदेश मोडला की एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा अजामीनपात्र! कात्री चालवली तेव्हा जो माणूस जामिनावर आरामात बाहेर राहिला असता तो आता गाळ्याच्या गल्लीत यायलाही दहा वेळा विचार करतो.

पुरुषही विचारतात, बायकोने गाडीची काच फोडली तर? त्यांना डीव्ही कायदा नाही, पण 324 सगळ्यांना सारखाच आहे आणि भरपाईसाठी दिवाणी दावाही आहे, बिलं आणि फोटो त्यांनीही तसेच जपावेत.

ताईच्या नवऱ्याने शेवटी पैसे हप्त्याने भरायची तयारी दाखवलीय. फौजदारी केसमध्ये तडजोड करायची की नाही हे तिने अजून ठरवलेलं नाही, मी घाई करू नको म्हणून सांगितलंय. सगळे हप्ते खात्यात जमा झाल्याशिवाय सही करायची नाही, आणि संरक्षणाचा आदेश तडजोडीत सोडायचा नाही, या दोन गोष्टी तेवढ्या तिच्याकडून पक्क्या करून घेतल्यात.